आधी डबा

बाई, काल ती खोली पाडली. मागच्या अंगणातली, पत्र्याच्या छपराची, जिला सगळं हॉस्पिटल नाक मुरडून ‘टट्टीवाला कमरा’ म्हणायचं आणि तुम्ही ठसक्यात ‘माझी प्रयोगशाळा’ म्हणायचात. दोन माणसं घण घेऊन आली होती. भिंती पटकन गेल्या, पण तुमचा तो काळ्या दगडाचा ओटा काही केल्या फुटेना. तुमच्यासारखाच. मी उन्हात उभी राहून बघत होते तर शेजारी एक नवा पोरगेला डॉक्टर येऊन उभा राहिला. ‘‘मैम, यहाँ होता क्या था?’’ म्हणाला. मी म्हटलं, ‘‘मक्खन ढूँढते थे.’’ त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. आता वाटाण्याएवढा नमुना लागतो, बोटाएवढ्या प्लास्टिकच्या डबीत. स्वादुपिंडाचा रस आतड्यात उतरतोय की नाही ते यंत्र सांगतं. पोरानं तीन दिवस मोजून लोणी खायचं, तीन दिवसांचं सगळं, अगदी सगळं, रंगाच्या डब्यात साठवायचं, आणि मग दोन बायकांनी ते घुसळून, उकळून, त्यातली चरबी वेगळी काढून बघायचं की खाल्लेलं लोणी अंगी लागलं की वाया गेलं, हे त्याला कुठून ठाऊक असणार. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडण्यात काही अर्थ नाही. पण मी भांडतेच आहे. मनातल्या मनात, रोज. आज एकदाचं ते लिहून काढते.

कोल्हापूरहून मी इकडं उत्तरेत आले तेव्हा मला हिंदीसुद्धा धड येत नव्हतं. हाताखाली मराठी मुलगी मिळाली म्हणून तुम्ही खूश झाला असाल असं मला वाटलं होतं. कसलं काय. पहिल्याच दिवशी मी रुमालावर अत्तर शिंपडून तो नाकावर बांधून आले. तुम्ही तो ओढून काढलात, माझ्या चार केसांसकट, आणि सरळ मोरीत फेकलात. ‘‘काय करून राहिली तू?’’ तुमचं ते नागपुरी, अंगावर धावून येणारं. ‘‘ज्या आईनं हे तीन दिवस गोळा केलं ती नाकाला फडकं बांधून बसली होती काय? एवढाच वास येते तर कोल्हापूरला जा, मिसळीचा वास घेत बस.’’ मी रडले. तुम्ही चहा मागवलात, तिथंच, डब्यांच्या रांगेशेजारी, आणि मी तो पिऊन संपवेपर्यंत हलला नाहीत. तुमचा हात उगारलेला असायचाच, बाई. भांडी धुणाऱ्यावर, वॉर्डातल्या नर्सवर, मोठ्या डॉक्टरांवरसुद्धा. एकदा कुणीतरी डब्याचं वजन न करताच तो भरला म्हणून तुम्ही काचेचा चंबू भिंतीवर फोडलात. ते डबे तुम्ही स्वतः इंडस्ट्रियल एरियातून आणायचात, रंगवाल्याकडून, रंग न भरलेले, कोरे. त्यांची झाकणं इतकी घट्ट बसायची की उघडायला तुमच्या पर्समध्ये कायम एक चपटी लोखंडी पट्टी असायची. इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो.

आणि ते दिवस. तुमच्या उगारलेल्या हाताचं काही वाटू नये असेच ते दिवस होते. सकाळी कामावर यावं तर कॅज्युअल्टीचा व्हरांडा पाइप लावून धुतायत आणि पाणी लाल होऊन गटाराकडं चाललंय. बसमधून माणसं उतरवून, ओळीत उभी करून गोळ्या घातलेल्या. स्कूटरवरून आलेल्यांनी दुकानदाराला गल्ल्यावरच मारलेला. पोलिसांनी रात्री उचललेली पोरं सकाळी उसाच्या शेतात सापडलेली. मारणारे दोन्हीकडचे, अतिरेकीही आणि पोलीसही, आणि आमच्या स्ट्रेचरवर येणारे मधले. ट्रान्झिस्टरमधून, जेवणाच्या डब्यातून बॉम्ब फुटायचे, म्हणून बेवारस वस्तूला हात लावू नका असं सारखं सांगत. आई कोल्हापूरहून पत्र लिहायची, ये परत, तुझ्या त्या घाणीपायी जीव घालवू नकोस. मी तुम्हाला ते वाचून दाखवलं तर तुम्ही म्हणालात, ‘‘घाण तर बाहेर आहे. ही खोली त्यातल्या त्यात स्वच्छ.’’ त्यावर आपण दोघी हसलो होतो, आणि त्याच वेळी पलीकडं कुणाचा तरी बाप ऊर फुटेस्तोवर ओरडत होता.

ती मुलगी आली ती अशा उन्हाळ्यात. मुल्लानपूरच्या पलीकडच्या गावातली, सहा वर्षांची, दिसायची तिनाची. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, सतत खोकला. मोठ्या माणसाएवढं खायची आणि सगळं बाहेर, तेलाचा तवंग आलेलं. आधी कुणी क्षय म्हणून औषधं दिली, कुणी गहू बंद करून पाहिला. फरक शून्य. तिची आई तिच्या जन्माच्या वेळीच गेलेली. आजी सांभाळायची. आजीनं तुम्हाला सांगितलं की पोरीचा पापा घेतला की ओठ खारट होतात. तुम्ही जागच्या उठलात. घाम तपासला तर त्यात मीठच मीठ. सिस्टिक फायब्रोसिस, तुम्ही म्हणालात, जन्मापासून फुप्फुसं आणि स्वादुपिंड चिकट स्रावानं तुंबवणारा आजार. मोठे डॉक्टर म्हणाले, हा गोऱ्यांचा आजार, आपल्या लोकांत नसतो, तुमचं घामाचं यंत्र बिघडलंय. परदेशी पाचक कॅप्सूल हॉस्पिटलच्या साठ्यात मोजक्याच, त्यांच्या सहीशिवाय मिळायच्या नाहीत. ‘‘चरबी बाहेर पडतेय हे दाखवा, सही करतो.’’ एवढ्यावर सगळं येऊन थांबलं. त्या कॅप्सूल मिळाल्या तर पोरगी जेवलेलं पचवणार, नाही तर भरल्या ताटावर उपाशी मरणार.

पहिली चाचणी वॉर्डात झाली. लोणी तुम्ही स्वतः तोलून दिलंत. निकाल जवळपास चांगला आला. मोठे डॉक्टर हसले. तुमचा चेहरा असा झाला होता की मी दोन हात लांब उभी राहिले. मग तुम्ही वॉर्डात गेलात आणि आजीच्या शेजारी बसून राहिलात. दुपारचं ताट आलं. आजीनं रोटी घेतली, ओढणीचा पदर पुढं केला, आणि पोरीच्या रोटीवरचं सगळं लोणी हळूच बोटानं निपटून स्वतःच्या रोटीला लावलं. तुम्ही तिचं मनगट धरलंत. ती घाबरून म्हणाली, ‘‘बीबीजी, पेट खराब है बच्ची दा. मक्खन किवें देवां?’’ बोला आता. पोट बिघडलेल्या लेकराला लोणी कोण देईल? आमच्या कोल्हापुरातसुद्धा जुलाब लागले की आधी तूप बंद. म्हातारीनं जगातल्या कुठल्याही आजीनं केलं असतं तेच केलं होतं, आणि आपली सगळी चाचणी पाण्यात गेली होती. तुम्ही ओरडायला तोंड उघडलंत आणि मिटलंत. तेवढंच एकदा मी तुम्हाला राग गिळताना बघितलं.

मोठ्या डॉक्टरांनी आणखी एकदा करायला परवानगी दिली, शेवटची म्हणून. पण त्याच आठवड्यात बसमधली जखमी माणसं आली आणि वॉर्ड रिकामे करून घेतले. मुलीला घरी पाठवलं. मग तुम्ही मुलीच्या बापाला बोलावलंत. तरणा शेतकरी, पगडीखाली पोरासारखा चेहरा, तुमच्यासमोर हात जोडून उभा. तुम्ही त्याला लोण्याच्या तोललेल्या पुड्या दिल्यात, कोरा डबा दिलात आणि बजावलंत, ‘‘तीन दिन. सब इसमें. एक चम्मच भी बाहर गया तो सब बेकार. और चौथे दिन सीधा मेरे हाथ में देना, और किसी को नहीं. गर्मी है, बर्फ में रखना.’’ तो म्हणाला, ‘‘पक्का जी.’’ जाताना त्यानं मला विचारलं, ‘‘भैणजी, इससे पता लग जाएगा ना?’’ मी म्हटलं, लग जाएगा.

चौथ्या दिवशी सकाळ टळली तरी तो आला नाही. मग त्याच्या गावचा बस कंडक्टर धावत आला. नाक्यावर पोलिसांनी बस थांबवली होती. तरणा सरदार, मांडीवर बर्फासकट कापडात गुंडाळलेला घट्ट झाकणाचा डबा, कवटाळून धरलेला. इसमें क्या है? तो खरं बोलला. बच्ची की टट्टी है जी, डाक्टरनी ने मँगवाई है. पोलिसांना वाटलं हा आपली थट्टा करतोय. झाकण खोल म्हणाले, तर म्हणाला नाही, डाक्टरनी ने मना किया है, उन्हीं के हाथ में देना है. त्याला केसांना धरून खाली ओढला आणि डबा ओरडत लांब नेऊन ठेवला.

तुम्ही फियाट काढलीत. गिअर टाकताना असे टाकत होतात जणू कुणाची हाडं मोडताय. नाक्यावर पोचलो तर रस्ता रिकामा, झाडांमागं शिपाई, आणि मधोमध वाळूच्या पोत्यांच्या आत आपला तो रंगाचा डबा, भर उन्हात. बॉम्ब निकामी करणारे संध्याकाळपर्यंत येतील म्हणाले. येतील आणि उडवून देतील. तो जीपच्या सावलीत पडला होता. पगडी सुटलेली, तिनंच हात मागं बांधलेले. एका कानातून रक्त येऊन मातीत साकळलं होतं. श्वास घेताना आतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. रायफलीच्या दस्त्यांनी मारलं होतं, बरगड्यांवर. मी काही बोलायच्या आत तुम्ही चालायला लागलात. सुती साडी, पायात ती झिजकी चप्पल, सरळ डब्याकडं. अधिकाऱ्यानं बंदूक रोखली. ‘‘मैडम, पीछे हटो. गोली चला दूँगा.’’ तुम्ही मागंही बघितलं नाहीत. ‘‘चलाओ.’’ पर्समधून पट्टी काढलीत, खाली बसलात आणि झाकणाच्या कडेत घातलीत. मी डोळे मिटले, बाई, खरं सांगते. टक् असा आवाज झाला. मग वास आला. बर्फ कधीच वितळलेलं. उन्हात तो वास इतक्या लांबवर पोचला की एक शिपाई झाडाला धरून ओकायला लागला. तुम्ही डबा उचलून त्या अधिकाऱ्याच्या छातीपर्यंत नेलात. ‘‘सूँघो. छह साल की बच्ची का है. इसने यही बताया था ना तुमको? यही बोला था ना?’’ तो मागं सरत म्हणाला, ‘‘हमें क्या पता, मैडम. रोज़ हमारे लड़के मर रहे हैं.’’ तेही खोटं नव्हतं. पण तुम्ही त्याच्या पायाशी थुंकलात.

त्यांनी त्याचे हात सोडले आणि त्याला जीपमध्ये घातलं, हॉस्पिटलला न्यायला. त्याची मान लोंबत होती पण डोळे उघडे होते, आणि ते माझ्यावर होते. त्या सगळ्या शिपायांत तुमच्याखेरीज त्याच्या ओळखीची मीच. मी जीपकडं निघाले. तुम्ही माझा दंड धरलात. वळ उठले होते, चार दिवस होते. ‘‘इकडे ये. आधी डबा. मांडीवर घे, झाकण दाबून धर.’’ मी म्हटलं, बाई, त्याच्याजवळ कुणीच नाही. ‘‘तिथं डॉक्टर आहेत. डब्याजवळ कोण आहे? सकाळपासून उन्हात सडून राहिला तो. आणखी उशीर झाला तर आकडा खोटा येते.’’ जीप गेली. मी तुमच्या शेजारी डबा घेऊन बसले आणि रस्ताभर तुम्हाला शिव्या दिल्या. मनात नव्हे, तोंडावर. कसाई म्हटलं, राक्षसीण म्हटलं. कोल्हापुरी शिव्या तुम्हाला सगळ्या कळल्या नसतील. तुम्ही गाडी चालवत एकदाच बोललात. ‘‘त्या माणसानं या डब्यापायी मार खाल्ला. हा वाया गेला तर त्यानं मार कशापायी खाल्ला, सांग मला.’’ मी झाकण आणखी दाबून धरलं. त्याचं उत्तर मला अजून आलेलं नाही, आणि त्याचाच मला राग आहे.

मग त्या खोलीत आपण कामाला लागलो. वजन, घुसळणं, उकळणं, आम्ल, ईथर. मी मापाचा आकडा दोनदा चुकीचा वाचला तर तुम्ही माझ्या बोटांवर फटका मारलात, जोरात, आणि तिसऱ्यांदा मी तो बरोबर वाचला. शेवटी मी काचेच्या नळीतून क्षाराचे थेंब सोडायला बसते. जितकी चरबी, तितके थेंब पडल्यावर रंग पालटतो. पिवळं पाणी, पिवळंच राहतंय. थेंब, आणखी थेंब, रंग बदलायचं नाव नाही. तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून बघताय, तुमचा श्वास माझ्या कानाला लागतोय. नळी अर्धी झाली तरी पिवळं. आणि मग एकदम निळसर. पोरीनं खाल्लेल्या लोण्यातलं निम्म्याहून जास्त तसंच बाहेर आलं होतं. तुम्ही ओट्यावर मूठ आपटलीत आणि हसलात. मीही हसले. आपण दोघी एकमेकींचे खांदे धरून वेड्यासारख्या हसत होतो. आकडा वाईट होता म्हणून. वाईट होता म्हणूनच सही होणार होती.

दार वाजलं. कॅज्युअल्टीतली नर्स होती, केरळची, तुमच्या ओळखीची. ते सरदारजी तुमचेच ना, गेले, म्हणाली. पोटात रक्त साचलं होतं. तोवर शुद्धीवर होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता, डब्बा पहुँच गया? डब्बा पहुँच गया? कुणाला काही उमजेना. उठून बसायला बघायचा, सलाइन निसटायचं, म्हणून त्याचे हात पलंगाला बांधले. एका दिवसात दुसऱ्यांदा. मागच्या अंगणात आपण त्याचाच डबा उघडून बसलो होतो, बाई. तिथून तिथवर चालत जायला कितीसा वेळ लागतो? एक माणूस. पाहिजे तर तो भांडी धुणारा. नुसतं जाऊन ‘पहुँच गया’ म्हणायला. ते मला सुचलं नाही, तुम्हालाही सुचलं नाही, पण मोठ्या तुम्ही होतात.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही चौकीवर जाऊन टेबल उलथून टाकलंत, आणि कागदावर तो पळताना पडला एवढंच राहिलं. सही झाली. कॅप्सूल फोडून पोरीच्या लोणी-रोटीवर घालायला आजीला तुम्हीच शिकवलंत. दोन महिन्यांत पोरीच्या गालावर मांस आलं. आजीनं आपल्याला कधी बोल लावला नाही. एकदाच, लस्सीचा तांब्या ओट्यावर ठेवताना तिनं मला विचारलं, ‘‘ओहनू पता लग गया सी?’’ त्याला कळलं होतं का. मी तांब्या रिकामा करून धुवायला घेतला. तुम्ही खिडकीकडं तोंड करून उभ्या होतात. त्यानंतर तुम्ही कुणावर हात उगारल्याचं मला आठवत नाही. नागपूरला परत जाताना ती लोखंडी पट्टी माझ्या हातात कोंबलीत, आणि वर्षभरात तुम्ही गेल्याची बातमी आली. मुलगी कॉलेजपर्यंत पोचली. मग छातीनं दगा दिला. ते तुम्हाला बघावं लागलं नाही, बरं झालं.

आता जे सांगायला बसले होते ते. मागच्या महिन्यात एक आई नमुना घेऊन आली, अंबाल्याहून, लेकासाठी. त्याच्याबद्दल तीच शंका, खारट पाप्याची. ओल्या जिन्यावर तिचा पाय घसरला आणि ती माझ्यासमोर तोंडावर आपटली. हनुवटी फुटली, रक्त पायरीवरून खाली यायला लागलं. डबी तिच्या हातातून सुटून गडगडत माझ्याकडं आली. लोक तिच्याकडं धावले. आणि मी, तुम्हाला आयुष्यभर कसाई म्हणणारी, मी वाकले ती डबीकडं. झाकण बघितलं, उलटी करून बघितली, पदरानं पुसली. तेवढ्यात ती तोंडावर हात धरून, बोटांमधून रक्त गळत असताना, मलाच विचारत होती, ‘‘मैम, गिरा तो नहीं?’’ मी म्हटलं, ‘‘नहीं. पहुँच गया.’’ आणि तिथंच पायरीवर बसून मी रडायला लागले. हनुवटी तिची फुटलेली आणि लोक पाणी मला आणून देत होते.

हे पाठवायचं कुठं. तुमच्या घरातलं नागपुरात आता कुणी उरलेलं नाही. कपाटात त्या पट्टीखाली ठेवून देईन. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, आणि जाऊ नये असंही मला वाटतं. पण आधी डबीच उचलली, बाई. त्या आईकडं नंतर बघितलं.